शंभरातले बासष्ट

तमाम वाचक, त्यांचे कुटुंबीय आणि ज्यांच्या घरची तोटी गळते असे सर्व नागरिक यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पाण्याच्या धारेला कंबर असते. भांड्याला भोक पाडलं की पाणी भोकाएवढ्याच जाडीनं बाहेर पडत नाही. उंबरठा ओलांडताक्षणी ते अंग चोरतं, बारीक होतं आणि मग पुढे जातं. भोकाकडे बघून आपण म्हणावं शंभर भाग निघेल, तर प्रत्यक्षात निघतं बासष्ट. ही बातमी ऐकून कृपया कोणी हसू नये. मी हसलो होतो. नुसता हसलो नाही, चारचौघांत उभं राहून तिचा खेळ करून दाखवला आणि टाळ्या घेतल्या. प्रायश्चित्त मात्र दुसऱ्याच माणसानं घेतलं.

तो माणूस म्हणजे आमच्या नगरपालिकेचे ओव्हरसियर. गावाचं नाव मी सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, मोसमात जिनिंगचा कापूस उडून पोह्यांवर बसतो आणि दिग्रसची मोटार जिथं थांबते तिथंच भज्यांचं दुकान आहे. एवढ्या खुणांवर निम्मा जिल्हा ओळखू येईल, तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं गाव धरावं. विदर्भ तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात आला होता. कचेरीवरची पाटी बदलली होती. रंगारी तोच होता.

मी त्या कचेरीत ट्रेसर होतो. साहेबांनी काढलेला नकाशा कापडावर जसाच्या तसा गिरवायचा, हे माझं काम. नकाशे गिरवणं ही नोकरी आणि माणसं गिरवणं हा छंद. गावच्या नाटकमंडळीत मी कोणाचीही नक्कल करायचो. मामलेदार, पोस्टमास्तर, भजीवाला. सगळे माझ्या गळ्यात राहायला होते.

आणि मग हे आले. उंच, पण कमरेत कायमचे वाकलेले, कारण त्यांच्या आवडीची दृश्यं जमिनीपासून हातभर उंचीवर असत. कोटाच्या एका खिशात फलालीनच्या कापडात गुंडाळलेली भोकं पाडायची पाती, दुसऱ्यात कानस आणि मेणाचा गोळा. रस्त्यानं जाताना कुठे रांजण पाझरताना दिसला की हे गुडघ्यावर. रांजण कोणाचा, घर कोणाचं, दारात बाई उभी आहे, कशाचं भान नाही.

"धार पाहून राह्यला का?" मला म्हणायचे. "कंबर पाह्य तिची. भोकाच्या भायेर आली का बारीक होते. शंभर म्हणाचे अन् बासष्ट धराचे."

रांजणवाली विचारायची, "काय हरवलं जी साहेबाचं?"

"अडतीस," मी म्हणायचो.

मीच त्यांना 'छिद्रेसाहेब' हे नाव दिलं. महिनाभरात ते एवढं रुजलं की पोस्टमन त्याच नावानं पत्रं आणू लागला. त्यांना राग आला असेल असं वाटेल. नाही. ते म्हणाले, "नाव बरं हाय. पण छिद्र आतूनबी घासा लागते म्हनाव. भायेरून साऱ्यायलेच चांगलं दिसते."

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. होतं, पण ते बायकोकडे असायचं आणि तिच्याकडे ते बंद असायचं. ते वेळ मोजायचे सवायकीनं. सव्वाचा पाढा. "एक सव्वा सव्वा, दोन सव्वे अडीच, तीन सव्वे पावणेचार," असं एका लयीत शंभरापर्यंत. अमुक बादली दोन सवायक्यांत भरते, तमुक हौद चाळीसांत. त्यांच्या घरी भातसुद्धा सवायकीनं शिजायचा. चुलीपाशी काकू ओठांत पुटपुटत बसलेल्या दिसायच्या, लोकांना वाटायचं नामस्मरण चाललंय.

काकू फार बोलत नसत. माझ्यासमोर तर कधीच नाही. मी गेलो की चहाचा कप दाराच्या चौकटीपाशी ठेवला जायचा, हात दिसायचा, माणूस नाही. पण घरात त्यांचा एक शब्द न उच्चारता पाळला जाणारा नियम होता. साहेबांनी घरातल्या सगळ्या डब्यांना, परातीला, दोन गडव्यांना आणि पिठाच्या चाळणीलासुद्धा (तिला आधीच होती तरी) भोकं पाडली होती. प्रयोगासाठी. फक्त फळीवरच्या एका पितळी गुंडीला हात लावायचा नव्हता. ती काकूंना आईनं लग्नात दिलेली. सरळ अंगाची, जाड काठाची, दोन बादल्या पाणी मावेल एवढी. साहेब जेवताना तिच्याकडे अशा नजरेनं बघायचे की बघणाऱ्याला लाज वाटावी.

"असं भांडं हिंदुस्थानात दुसरं नाई," एकदा मला कुजबुजले. "उभी भिंत, सारखी जाडी. याले बुडाशी पाव इंचाचं एक पाडलं ना, तं साऱ्या शंका मिटतीन."

आतून कपबशी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. साहेब भात कालवू लागले.

त्यांचं सगळं शहाणपण त्या एका भोकातून यायचं. अध्यक्षांनी सभेत काही कबूल केलं की ते मला टेबलाखाली बोटांनी दाखवायचे, सहा आणि दोन. बाहेर आल्यावर म्हणायचे, "तोंड म्हनजे बी छिद्रच हाय गड्या. निंघतानी धार बारीक होते. मानूस लबाड नसते, तोंडच तसं असते." मजुरांवर ते कधी ओरडले नाहीत. का, विचारलं तर म्हणाले, "पानी दुप्पट पायजे असन तं दाब चौपट द्या लागते. रागाचंबी तसंच. काम दुप्पट कराचं तं राग चौपट पायजे. एवढा मायापाशी नाई."

आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे शेवटापासून मोजणं. अध्यक्षांच्या पुतणीच्या लग्नात शंभर-सव्वाशे पानांची पंगत बसली होती. वाढपी कढीची बादली घेऊन निघाला. साहेब पंगतीच्या अगदी टोकाला बसलेले. तिथून ओरडले, "इकडून सुरू कर!"

"साहेब, मानकरी तिकडं बसले हाय."

"त्यायले काय, बादलीपाशीच बसले हाय ते. त्यायले भेटतेच. तू शेवटच्याले काय भेटते ते पाह्य, मंग मांगं मांगं हिशेब करत ये."

वाढप्यानं ऐकलं. त्या दिवशी कढी सगळ्यांना पुरली, आणि अध्यक्षांच्या पानात ती सगळ्यात शेवटी पडली. हे अध्यक्षांनी लक्षात ठेवलं.

आता योजनेकडे येतो. गावची गटारं नाल्यात जायची, नाला उन्हाळ्यात सडायचा. साहेबांनी ठरवलं की गटाराचं पाणी टाकीत निवळू द्यायचं, गाळायचं, तेलाच्या इंजिनानं उपसायचं आणि नळानं नगरपालिकेच्या पडीक जमिनीवर नेऊन चाऱ्याला द्यायचं. जमिनीच्या दहा पट्ट्या. प्रत्येक पट्टी एकेका कुटुंबाला चिठ्ठी टाकून. पट्ट्यांच्या डोक्यावरून आडवा नळ, हातभर उंचीच्या दगडांवर ठेवलेला. दहा पट्ट्यांना दहा तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या कुशीला सहा छिद्रं.

गोम त्या छिद्रांत होती. सगळी सारखी पाडली असती तर इंजिनाजवळचा पोट फुटेस्तोवर प्यायला असता आणि टोकाचा कोरडा राहिला असता, कारण पाणी नळातून पुढे जाताना घासतं, दमतं, दाब कमी होतो. म्हणून जवळची छिद्रं लहान, पुढची जरा मोठी, टोकाची सगळ्यात मोठी. फरक किती, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा मिळून अर्धा सूत. आठ सुतांचा इंच. म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. उभ्यानं बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसायची.

दहावी पट्टी चढाला होती, ती तांड्यावरच्या झमकूबाईच्या चिठ्ठीत आली. नवरा गेलेला, दोन म्हशी. चिठ्ठी उघडली तेव्हा बाकीचे नऊ जण हसले. ती साहेबांकडे गेली.

"साहेब, पानी माह्यापर्यंत येते का हो? का नुसती चिठ्ठीच आली?"

साहेब म्हणाले, "बाई, पयल्याची बादली भरन तवाच तुह्यी भरन. नाई भरली तं मले सांग."

या वाक्यासाठी त्यांनी सात महिने गणित केलं. मला शेजारी बसवून केलं. मी मॅट्रिकला गणितात दोनदा गटांगळी खाल्लेला माणूस, पण त्यांनी मला ते असं समजावलं की आजही झोपेतून उठवून विचारा. आधी शेवटच्या छिद्राशी जायचं. त्याच्यावर तीन फूट पाणी उभं आहे असं धरायचं. त्यातून किती निघेल ते काढायचं, बासष्टनं आवरायचं. मग एक पाऊल मागे. तिथं दाब किती, निघेल किती. मग आणखी मागे. असं साठ पावलं मागे चालत इंजिनापर्यंत. म्हणून त्यांच्या नकाशात एक नंबरचा नळ सगळ्यात टोकाचा, झमकूबाईचा. इंजिनाला चिकटलेला नळ दहा नंबर.

"साऱ्या जगात नळाचे नंबर इंजिनापासून असते," मी म्हटलं.

"जग इंजिनापाशी बसते," ते म्हणाले. "हे गावात मले अन् तुलेच ठाऊक हाय. ध्यान ठेवजो."

छिद्रं त्यांनी स्वतः पाडली. साठही. प्रत्येक आतून घासलं, करंगळी घालून पाहिलं. नळांवर लाल रंगानं नंबर मी टाकले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यवतमाळहून बड्या पाहुण्यांना आणायला अध्यक्षांनी साहेबांनाच पाठवलं, म्हणून नळ जोडायच्या वेळी नकाशा माझ्या हातात आला.

तो दिवस मी नीट सांगतो. मिस्त्री होता, आठ मजूर होते, ऊन कोवळं होतं आणि मी रंगात होतो. मजुरांनी आग्रह केला, "भाऊ, छिद्रेसाहेब करून दाखवा." आग्रह करावा लागला असं नाही. मी कमरेत वाकलो, नळापाशी गुडघे टेकले, एक डोळा मिटला. "कंबर पाह्य तिची," म्हटलं. मजूर लोळायला लागले. तेवढ्यात मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, एक नंबर कोठून घ्याचा?" आणि मी, न उठता, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच त्या हाताच्या फेकीनं इंजिनाकडे बोट करून म्हटलं, "पयला तो पयलाच असते, गड्या!"

हशा पिकला. मिस्त्री कामाला लागला. त्याला साहेबांच्या आवाजात हुकूम मिळाला होता.

जेवणानंतर मी टोकापर्यंत फेरी मारली, तेव्हा झमकूबाईच्या पट्टीवर लाल रंगात दहा आकडा दिसला. माझ्याच हातचा. जरा चुकचुकल्यासारखं झालं, एवढंच. सगळे सांधे सुतळी-सफेदा लावून आवळून झाले होते.

मिस्त्री म्हणाला, "उलगडाचं काय? सफेदा वाळून राह्यला. उद्या पावने येतेत. मंग सांगसान का माह्यामुळे खोळंबा झाला."

संध्याकाळी माझी नाटकाची तालीम होती. मी म्हटलं, "राहू दे. अर्ध्या सुताचा तर फरक." आणि ओल्या मातीनं ते आकडे सारवून टाकले.

दुसऱ्या दिवशी मांडव. गटाराच्या पाण्याला झेंडूचा हार, इंजिनाला कुंकू, पाहुण्यांच्या नाकाला अत्तराचा रुमाल. साहेबांचा कोट इस्त्रीचा, पण खिसे पात्यांनी लोंबलेले. मोटारीतून उतरून सरळ माझ्याकडे आले.

"नंबर?"

"बरोबर, साहेब."

त्यांनी मान हलवली. नळाकडे गेलेच नाहीत. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी प्रत्येक छिद्रात पातं घालून पाहिलं असतं. पण नंबर मी सांगितले होते.

पहिल्या पट्टीवर एक बादली, दहाव्या पट्टीवर झमकूबाई दुसरी बादली घेऊन. इंजिन धडधडलं, नळ शहारला आणि साठही छिद्रांतून धारा सुटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मोठ्यानं सवायकी सुरू केली. दुसरी सवायकी निम्म्यावर असताना पहिली बादली भरून वाहू लागली. सगळ्यांच्या माना टोकाकडे वळल्या. झमकूबाईनं बादली तिरपी करून दाखवली, लांबूनही सगळ्यांना दिसेल अशी.

"साहेब, माह्यी तं अर्धीबी नाई झाली जी."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शंभरातले बासष्ट!" आणि तो आवाज हुबेहूब माझ्या नकलेतला होता. सगळा मांडव हसला. गाव हसायला मीच शिकवलं होतं, आता ते माझ्यावाचून हसू शकत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "ओव्हरसियर, हे काय होय? नळ कोनी जोडले? मिस्त्री कुठी हाय?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मी पाहुण्यांच्या रुमालाकडे बघत होतो. बोलायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता, किमान अर्धी सवायकी. अध्यक्ष, मामलेदार, पोस्टमास्तर सगळ्यांचे आवाज माझ्या गळ्यात होते. माझा स्वतःचा काही सापडेना.

साहेब म्हणाले, "मिस्त्रीले काही म्हनू नका. गनित माह्यं होतं. चूक गनिताची हाय."

मग अध्यक्षांनी स्वतःचा उपाय सुचवला. "टोकाकडची भोकं मोठी करा." मिस्त्रीनं पोलादी टोचा छिद्रांत घालून हातोडा चालवला. टोकाच्या तीन नळांची अठराच्या अठरा छिद्रं. प्रत्येक घावाला साहेबांचे डोळे मिटायचे. टोकाला चिखल झाला, मधल्या पट्ट्या आटल्या, पाहुणे मोटारीत बसले. कुठलं छिद्र मुळात केवढं होतं हे आता देवालाही मोजता आलं नसतं. पुढे ते नळ काढून नगरपालिकेच्या जिन्याला कठडा केला. पंधरा ऑगस्टला मुलं त्या भोकांत कागदी झेंडे खोचतात.

साहेबांनी महिन्याभरात राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. जाण्याआधी झमकूबाईच्या पट्टीवर जाऊन आले. ती काय म्हणाली विचारलं, तर म्हणाले, "काही नाई. चहा पाजला तिनं. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं." बैलगाडीत सामान चढवताना भोकांची भांडी खणखणत होती. काकूंनी गुंडी मांडीवर घेतली होती. दोघं आर्णीला गेली, तिथं साहेबांच्या वडिलांचं दोन खोल्यांचं घर होतं. साहेब पोरांना गणित शिकवू लागले. गणित चुकलेल्या माणसानं गणित शिकवावं, यावर मी मंडळीत एक छोटासा खेळही बसवला होता. तो फार चालला.

त्यांची पोस्टकार्डं येत. मुंगीसारखं अक्षर. 'त्या दिवशी इंजिनाचा आवाज सुरुवातीला जड होता काय? आठवून कळवणे.' 'जाळीत कापूस अडकला असेल काय? जाळी कोणी धुतली?' 'बासष्ट हे लहान छिद्रास लागू नसावे, घाण पाण्यास साठ धरावे काय, तुझे मत कळव.' माझं मत! मी प्रत्येक वेळी लिहायचो, आठवत नाही. सातव्या-आठव्या कार्डानंतर तेही लिहिणं सोडलं.

महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका लग्नासाठी आर्णीला गेलो होतो. मुहूर्ताला अवकाश होता आणि पाय आपोआप त्यांच्या गल्लीकडे वळले, असं लिहायला छान वाटतं. खरं म्हणजे लग्नघरी कोणीतरी म्हणालं, "इथं एक भोकमास्तर राहतात, पाहण्यासारखे आहेत," आणि मला ते ऐकवलं नाही.

अंगणात तिपाईवर गुंडी होती. फळीवरची, आईनं दिलेली. बुडाशी ओळीनं सात भोकं, सहा मेणानं बुजवलेली, सातव्यातून धार चालू. समोर साहेब गुडघ्यावर, केस पांढरे, ओठांत सवायकी. मी उभा राहिलो. त्यांनी हातानं थांब म्हटलं, "अठ्ठ्याण्णव सव्वे... शंभर सव्वे सव्वाशे," आणि भोकाला मेण लावून वर पाहिलं.

"तू? ये ये. बरा आला. झमकूबाईची पट्टी कोनाले गेली रे?"

"कोणालाच नाही. म्हशी विकून ती तांड्यावर गेली परत."

त्यांनी मान हलवली. मग आतून वही आणली. त्या दिवशी एक बादली भरली आणि दुसरी अर्धीही का नाही, याची कारणं. एकेक कारण, त्याखाली पूर्ण गणित, मग ते गणित खोडलेलं. कापूस अडकला: जमत नाही. इंजिन मंद: जमत नाही. बासष्टऐवजी साठ, अठ्ठावन, पंचावन्न: गुंडीची सात भोकं याच्यासाठीच. जमत नाही.

"एकच रीत हाय जमाची," ते म्हणाले आणि पान उलटलं. "हे पाह्य. नळ उलटे जोडले असन तं. दहा नंबर टोकाले, एक नंबर इंजिनापाशी. मंग बरोब्बर येते. पयली भरते तवा शेवटची अर्धीले जरा कमी. जसं तिनं दाखोलं तसंच."

त्या पानावर आडवी लाल रेघ होती.

"मग हे का खोडलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कोणाचातरी वाटला.

ते हसले. "तू होता ना तिथं. तू होता म्हनून हे होऊच शकत नाई."

चहाचा कप दाराच्या चौकटीपाशी येऊन ठेवला गेला. हात तसाच थांबला.

मी सांगितलं. नळ उलटेच होते, दुपारी मला कळलं होतं, आकडे मी मातीनं सारवले, तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. सगळं सांगितलं असं म्हणणार होतो, पण बासष्टच निघालं. मिस्त्रीला एक नंबर कोणाच्या आवाजात सांगितला गेला, ते त्या दिवशी तोंडातून बाहेर पडलं नाही. ते अडतीस आज इथं लिहितो आहे, ज्यांना सांगायला हवे होते ते वाचायला नाहीत तेव्हा.

साहेबांनी खिशातून खोडरबर काढलं आणि ती लाल रेघ पुसायला लागले. शाईची होती, पुसेना, कागद फाटू लागला. मग ते उठले, गुंडीपाशी गेले, एका भोकाचं मेण नखानं काढलं आणि गुडघे टेकून धारेकडे बघत राहिले. एक अख्खी सवायकी झाली असेल.

"बासष्टच," ते हळूच म्हणाले. "बासष्टच होतं रे."

आणि तेव्हा, इतक्या वर्षांत माझ्यासमोर एक शब्द न बोललेल्या काकू चौकट ओलांडून अंगणात आल्या, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा त्या सात भोकांकडे आणि मग माझ्याकडे बघून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात बोलून गेल्या,

"अवो, तवाच तोंड उघडलं असतं, तं माह्या मायची गुंडी तं वाचली असती!"